खेळात राहायचंय, मग शिकू काय?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. बारावी विज्ञान, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेले. सहावीपासून खो-खो खेळते. गेल्या वर्षी शालेय राज्य स्पर्धेत तिच्या विभागाचा संघ तिसरा आला, पण राष्ट्रीय संघाच्या निवड चाचणीत ती मागे राहिली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. तो सामना तिने मोबाइलवर पाहिला. त्या रात्री झोप लागली नाही, असं ती लिहिते. वडील एसटीत वाहक आहेत. त्यांना वाटतं तिने बी.एस्सी. ॲग्री करावं आणि मग स्पर्धा परीक्षा द्यावी. शाळेतले सर म्हणतात, साधं बी.ए. कर, पुढे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षण शिकवण्याची पदवी) कर. पुण्यात राहणारा मामेभाऊ म्हणतो, स्पोर्ट्स मॅनेजमेंटची तीन वर्षांची पदवी घे. त्या पदवीची फी वर्षाला काही लाखांत आहे. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत: “मला खेळातच करिअर करायचं आहे. नक्की कोणता विषय घेऊ? चुकीचा घेतला तर खेळ कायमचा सुटेल, या भीतीने अर्ज भरायला हातच होत नाही.”

प्रिय मैत्रिणी,

तुझं चार पानी पत्र मी तीन वेळा वाचलं. तिसऱ्या पानावर तू एक ओळ लिहून पुढे निघून गेलीस. त्या ओळीकडे मला यायचंच आहे, पण आधी तुझ्या प्रश्नाकडे बघू.

मी सत्तावीस वर्षं एका महाविद्यालयाचा जिमखाना सांभाळला. दर जून महिन्यात कुणीतरी मुलगी हातात प्रमाणपत्रांची प्लास्टिकची फाइल घेऊन दाराशी उभी असायची आणि हेच विचारायची. सुरुवातीची बरीच वर्षं मी ठाम आवाजात एकच उत्तर दिलं: बी.पी.एड. मला स्वतःला तोच एक रस्ता माहीत होता. त्यातल्या काही जणी आज चांगल्या शाळांमध्ये आहेत. काही जणी मात्र पस्तिशी ओलांडूनही तासिका तत्त्वावर या शाळेतून त्या शाळेत फिरतात आणि सुट्टीच्या महिन्यात त्यांच्या हातात काहीच पडत नाही. त्यांना उत्तर देण्याआधी मी दोन प्रश्न विचारायला हवे होते. ते आज तुला विचारते.

पहिला प्रश्न. तू तीस वर्षांची झालीस असं समज. सकाळचे सहा वाजलेत आणि तू मैदानावर आहेस. तिथे तू काय करते आहेस? स्वतः पळतीला उभी आहेस? तोंडात शिट्टी धरून पंधरा मुलींना साखळी पळायला शिकवते आहेस? कडेला बसून कुणाचा तरी सुजलेला घोटा तपासते आहेस? की संघ कुठल्या गाडीने जाणार आणि कुठे उतरणार, याची यादी हातात घेऊन उभी आहेस? ही चारही माणसं “खेळात करिअर” करतात. चौघांचं शिक्षण वेगळं, पगार वेगळा आणि घरी परतायची वेळही वेगळी. तुझ्या पत्रात “खेळात” हा शब्द सतरा वेळा आला आहे (मी मोजले), पण त्या सकाळी तू काय करत असशील हे एकदाही आलेलं नाही. अठराव्या वर्षी ते ठाऊक नसणं अगदी साहजिक आहे. तरी थोडा अंदाज आल्याशिवाय विषय निवडायला बसू नकोस.

खेळाडू म्हणूनच जगायचं असेल, तर एक गोष्ट स्पष्ट सांगते. तिथे पदवीचा विषय जवळजवळ कुणीच विचारत नाही. स्वप्नील कुसळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि २०२४ मध्ये पॅरिसला रायफल नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला. धावपटू अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर सैन्यात गेला आणि शर्यतीचं खरं धावणं तिथेच शिकला. तुझ्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रेल्वेत होती. २०१६ साली रिओमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावली आणि पुढे शासनाने तिला थेट उपजिल्हाधिकारी केलं. स्वप्नील आणि ललिताला नोकरी मिळाली ती कामगिरीच्या कागदावर.

म्हणून खेळत राहायचं ठरवलंस, तर पुढच्या चार-पाच वर्षांत तुला दोन गोष्टी लागतील. एक म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्यासाठी तू नियमित, पूर्णवेळ विद्यार्थिनी असायला हवीस आणि वयाच्या पंचविशीपर्यंतच ते दार उघडं असतं. मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन दिवसभर सराव करायचा बेत पुष्कळ मुली आखतात. तो आखण्याआधी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात पात्रतेचा नियम विचारून घ्यावा, नाहीतर सराव होतो आणि स्पर्धा हातची जाते. दुसरी गोष्ट म्हणजे कागदपत्रं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीवरचं यश लागतं, हे शासनाच्या १ जुलै २०१६ च्या निर्णयात दिलेलं आहे. तू लिहितेस, “तिसरे आलो, म्हणजे काहीच नाही.” असं म्हणू नकोस. सहसा नुसता सहभाग धरला जात नाही, पहिले तीन क्रमांक बघितले जातात. तुझं प्रमाणपत्र कुठे चालतं आणि कुठे नाही, हे साताऱ्याला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन समजून घे. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते आणि तिला वेळ लागतो. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करून काही उपयोग होत नाही. फाइलीत मूळ प्रमाणपत्रं ठेवून गावोगाव फिरू नकोस, छायाप्रती ठेव.

आता दुसरा प्रश्न. विषयाइतकाच विचार तू महाविद्यालयाचा केलास का?

खाशाबा जाधव तुमच्याच कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. ते महाविद्यालयात कोणता विषय शिकले, हे मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मात्र कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून त्यांच्या प्रवासासाठी सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट तालमीतल्या पोराटोरांनाही पाठ असते. खेळणाऱ्या मुलीला असं घर लागतं, असा प्राचार्य लागतो. तो पुस्तिकेत छापलेला नसतो, जाऊन शोधावा लागतो.

कसा शोधायचा ते सांगते. प्रवेशाच्या रांगेत उभी राहण्याआधी त्या महाविद्यालयात संध्याकाळी पाच वाजता जा. मैदानावर खो-खोचे खांब रोवलेले आहेत की कोपऱ्यात गंजत पडलेत, ते बघ. मुली सरावाला आहेत का? असतील तर त्यांच्याशीच बोल, शिक्षकांशी नंतर. विचार: गेल्या वर्षी तुमचा संघ विद्यापीठात कुठवर गेला? स्पर्धा आणि अंतर्गत परीक्षा एकाच दिवशी आली तर परीक्षा पुन्हा घेतात का? हजेरी धरतात का? प्रवासभत्ता हातात मिळतो की वर्षभराने? मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, तुम्हाला मॅटवर पळायला कधी मिळतं? आणि सर्वात महत्त्वाचं, मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं? हा शेवटचा प्रश्न तुला किरकोळ वाटेल. मी राज्य पातळीच्या तीन मुलींचा खेळ याच एका कारणाने सुटताना पाहिला आहे. सराव साडेसातला संपायचा आणि फाटक सातला बंद व्हायचं. वसतिगृहाच्या बाई रोज बोलायच्या. दिवाळीनंतर मुलींनी मैदानावर येणं सोडलं. त्यांचे विषय तीन वेगळे होते. वसतिगृहाला माझं पत्र दोनदा गेलं, फाटकाची वेळ काही बदलली नाही. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन हट्टाने बसायला हवं होतं, ही खंत मला आजही आहे.

आता स्वतः खेळण्याखेरीजची कामं. इथे मात्र विषयाला किंमत आहे, पण सगळीकडे सारखी नाही. काही कामांच्या दाराला कुलूप असतं आणि त्याची किल्ली बारावीनंतरच घ्यावी लागते. काही दारं नुसती लोटलेली असतात, कोणत्याही पदवीनंतर ढकलली तरी उघडतात. तुझी भीती या दोन प्रकारांची गल्लत झाल्यामुळे वाढली आहे, असं मला वाटतं.

शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचं, तर बी.पी.एड. लागतं. ती पदवीनंतरची दोन वर्षं. कोणत्याही शाखेची पदवी घेऊन, राज्याची सामाईक परीक्षा आणि मैदानी चाचणी देऊन तिथे जाता येतं. म्हणजे सरांचा सल्ला चूक नाही. मात्र त्यासाठी आज विज्ञान सोडून बी.ए. करायलाच हवं असं मुळीच नाही. ज्यांना बारावीनंतर लगेच याच वाटेने जायचंय त्यांच्यासाठी बी.पी.ई.एस. हा शारीरिक शिक्षणाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून. मणिपूरमध्ये आता राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठही झालं आहे. पण शाळांतली शारीरिक शिक्षकांची भरती वर्षानुवर्षं रखडते, हे डोळे उघडे ठेवून स्वीकारायचं. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर पुढे एम.पी.एड. ही पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा आलीच.

प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका सगळीकडे मानली जाते. ही संस्था १९६१ सालची. तिथे तुझी पदवी कोणत्या विषयाची यापेक्षा तू कोणत्या पातळीवर खेळलीस हे बघतात. कोणत्या वर्षी कोणत्या खेळाचे वर्ग आहेत, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहायचं. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही असतो. आपल्याला या कामाची किती ओढ आहे, हे पाहायला तो चांगला.

खेळावर लिहिणं-बोलणं, सामन्याच्या चित्रफितींचं विश्लेषण, संघाचं व्यवस्थापन ही सगळी लोटलेली दारं. मराठी दैनिकात खेळाला स्वतःचं पान मिळवून देणारे वि. वि. करमरकर, किंवा मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन घराघरांत नेणारे बाळ ज. पंडित, या माणसांना त्या वाटेवर आणलं ते भाषेने आणि खेळाच्या जाणकारीने. विश्लेषणासाठी संख्याशास्त्र किंवा संगणक शिकलेली मुलगी कुठल्याही संघाला हवी असते.

तुझ्या मामेभावाच्या सल्ल्याबद्दल मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो, आणि खेळाच्या व्यवस्थापनात नव्या नोकऱ्या खरोखरच निर्माण झाल्या. पण त्या शहरांत आहेत, बऱ्याचशा हंगामी आहेत आणि त्यासाठी बारावीनंतरच लाखोंची फी भरायची गरज नाही. कोणतीही पदवी घेऊन नंतर व्यवस्थापन शिकता येतं, तेही दोन वर्षं कुठे काम करून, आवडतंय का ते पाहून. तरीही ती संस्था बघायला गेलीस, तर एकच गोष्ट माग. गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी दहा जणांशी फोनवर बोलायला द्या, म्हणावं. भिंतीवरच्या क्रिकेटपटूंच्या फोटोंकडे बघू नकोस.

क्रीडा मानसशास्त्राबद्दलही तू विचारलं आहेस. नाशिकचे भीष्मराज बाम पोलिस खात्यातले अधिकारी होते. पुढे त्यांनी कितीतरी मोठ्या खेळाडूंची मनं सांभाळली. आजच्या मुलीला मात्र मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घ्यावं लागेल. काही विद्यापीठांत ते दुसऱ्या विषयाच्या पदवीनंतरही घेता येतं, म्हणून त्याचीही आज घाई नाही. पोषणशास्त्राचंही बरंचसं असंच आहे.

कडेकोट कुलूप आहे ते फिजिओथेरपीला. आणि आता मी तुझ्या त्या ओळीकडे येते.

तू लिहिलंस: “चाचणीच्या महिनाभर आधी वळताना गुडघा दुखावला, गावात हळदीचा लेप लावला, तालुक्यात कुणाला काही कळत नव्हतं, तेव्हापासून मी मोबाइलवर बघून आमच्या लहान मुलींचे घोटे पट्टीने बांधायला शिकले, आता सर सामन्याआधी मलाच बोलावतात.” आणि लगेच पुढच्या वाक्यात पुन्हा विश्वचषक.

अख्ख्या पत्रात तू स्वतःला काहीतरी करताना दाखवलंस ते या एकाच ठिकाणी. बाकी सगळीकडे तू निवडली जातेस, राहतेस, घाबरतेस, वाट बघतेस. इथे तू शिकलीस, तेही कुणी न सांगता, आणि लोक तुला बोलवायला लागले. माझ्या पहिल्या प्रश्नातली ती सकाळ आठव. सुजलेला घोटा तपासणारी मुलगी मी तिथे उगाच बसवलेली नाही.

फिजिओथेरपीची पदवी, म्हणजे बी.पी.टीएच., ही बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असलेल्यांनाच मिळते आणि महाराष्ट्रात तिचा प्रवेश ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. एमबीबीएसच्या मानाने बरेच कमी गुण लागतात, तरी परीक्षा द्यावीच लागते आणि तिचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या गडबडीतच येतो. शिक्षण साडेचार ते पाच वर्षांचं. मग क्रीडा फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिक्षण. सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांत जागा मोजक्या आहेत, खासगीत फी जड जाते. पण शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या ज्या मुलींचं कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे, त्यांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही कोणत्या प्रवर्गात येता हे पत्रात नाही. बाबांना विचार आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच, तोही मांडून बघा.

या वाटेवरचं कठीणही सांगायला हवं. फिजिओथेरपिस्टच्या पहिल्या काही वर्षांत मैदान फारसं नसतं. अर्धांगवायूनंतर हात उचलायला शिकणारे आजोबा असतात, उसाच्या मोळ्या वाहून कंबर गेलेल्या बायका असतात. तुला ही माणसं चालणार नसतील, फक्त संघाच्या बसमधली जागा हवी असेल, तर या वाटेला जाऊ नकोस. शिवाय रुग्णालयातल्या कामाच्या वेळा सरावाच्या आड येतात. वरच्या पातळीवर खेळत राहणं जमलंच तर मोठ्या ओढाताणीने जमेल. हे ऐकून तुला रडू आलं, तर तेही मला कळव. खेळायचंच आहे हे तुझं खरं उत्तर असेल, तर ते तेव्हाच समोर येईल.

आणि निवड चाचणीत राहिल्याचं दुःख अजून ओलं आहे, ते पत्रभर जाणवतं. दुखऱ्या गुडघ्याने दिलेली ती चाचणी होती. तिने तुझ्या खेळाचा निकाल लावला असं मी मानत नाही. तूही इतक्या लवकर मानू नकोस. पुढची पाच वर्षं त्या एका दुपारच्या रागातून ठरवू नयेस, एवढंच माझं मागणं आहे.

बाबांबद्दल तू थोडं कडू लिहिलं आहेस. रोज पहाटेची गाडी धरणाऱ्या माणसाला मुलीच्या पगाराची काळजी वाटणारच. त्यांचा पर्यायही तुला वाटतो तितका वाईट नाही. कृषी महाविद्यालयांना जमीन असते, मैदान असतं, वसतिगृह आवारातच असतं. ‘अश्वमेध’ या आपल्या राज्याच्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवात कृषी विद्यापीठांचेही संघ उतरतात. चार वर्षं ॲग्री करत खेळलीस आणि मग बी.पी.एड., पतियाळा, व्यवस्थापन किंवा स्पर्धा परीक्षा यातलं काहीही निवडलंस, तरी एकही दार बंद झालेलं नसेल. फक्त फिजिओथेरपीचं होईल. तेवढं एकच वजन तराजूत टाकायचं आहे. बाबांशी बोलताना “मला खेळात करिअर करायचंय” या वाक्याने सुरुवात करू नकोस. ते वाक्य त्यांना दिसत नाही, म्हणून ते घाबरतात. “मला नीटचा आणि ॲग्रीच्या प्रवेशासाठी सीईटीचा असे दोन्ही अर्ज भरू द्या, निकालानंतर बसून ठरवू,” असं म्हण. एसटीतल्या माणसाला दोन गाड्यांचं आरक्षण करून ठेवण्यातला शहाणपणा समजावून सांगावा लागत नाही.

मला थेट विचारशील तर मी असं करेन. दोन्ही परीक्षा मन लावून द्यायच्या. फिजिओथेरपीची परवडणारी जागा मिळाली तर घ्यायची. नाही मिळाली तर चांगलं मैदान असलेल्या कृषी किंवा विज्ञान महाविद्यालयात जाऊन पंचविशीपर्यंत जीव तोडून खेळायचं आणि खेळता खेळता पुढचं ठरवायचं. माझं हे मत तुझ्या त्या एका ओळीवर उभं आहे. ती ओळ तू सहज लिहिली असशील आणि माझं वाचन चुकलं असेल, तर मत बाजूला ठेव.

कला किंवा वाणिज्य शाखेतल्या ज्या मुली हे वाचत असतील, त्यांनी फिजिओथेरपीचा भाग सोडून बाकी सगळं आपलं समजावं. मानसशास्त्र, पत्रकारिता, व्यवस्थापन, शारीरिक शिक्षण, प्रशिक्षण, शासकीय नोकरीतलं आरक्षण, यातलं काहीही विज्ञानावाचून अडत नाही. मैदान संध्याकाळी पाचला बघायला जाणं तर सगळ्यांनाच लागू.

आता पुढच्या पंधरा दिवसांतलं काम. पहिलं, गुडघा. तू लिहितेस की खो मिळाल्यावर उठताना तो अजूनही निसटल्यासारखा होतो. अचानक वळण्याच्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध मुलांपेक्षा जास्त वेळा दुखावतो. तुझं नेमकं काय झालंय ते पत्रावरून कुणीच सांगू शकणार नाही. साताऱ्याला किंवा कराडला हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि ते सांगेपर्यंत पळती बंद ठेव. सरांना माझं नाव सांग हवं तर. दुसरं, तिथेच फिजिओथेरपी विभाग असेल तर दारात ताटकळत न बसता आत विचार, की मी बारावीची विद्यार्थिनी आहे, एक दिवस बसून काम बघू का? बहुतेक जण हो म्हणतात. सकाळी जा, दुपारपर्यंत थांब, आजोबांना हात उचलताना बघ. घरी आल्यावर कंटाळा आला होता की उद्या पुन्हा जावंसं वाटलं, ते एका ओळीत लिहून ठेव.

डॉक्टर काय म्हणाले ते आणि ती ओळ, दोन्ही मला पाठव. अर्ज भरायला तोवर वेळ आहे.

तुझी,
ताई